दुसरी सही

उंद्रीहून पुंडलिकरावांचा पुतण्या स्वतः निरोप घेऊन आला. सकाळची पहिली मोटार नुकतीच लागली होती आणि मी ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होतो. त्यानं चपला काढल्या, पण ओट्यावर काही चढला नाही. खालूनच म्हणाला, "काका, आबा गेले. काल दुपारी जेवले, आडवे झाले, अन् उठलेच नाहीत."

माझ्या अर्ध्या गालावर साबण तसाच राहिला. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला हात धजत नाही, पण ते टाळलं तर पुढचं काहीच लिहिता येणार नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. ज्या माणसानं मला नोकरी दिली, लग्नात वडिलांच्या जागी उभा राहिला, ज्याची खुर्चीही पुढे मलाच मिळाली, त्याच्या मरणाची बातमी ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या आयुष्यातली एक गोष्ट फक्त त्यांनाच ठाऊक होती, आणि ते गेले होते. मग पाठोपाठ त्या वाटण्याचीच भीती वाटली. पुतण्या माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्याला कळलं की काय, असं वाटून मी पंच्यानं तोंड झाकलं. त्या पोराला वाटलं, काका रडताहेत...

या गोष्टीला आता सव्वा महिना झाला. मधल्या दिवसांत पुंडलिकरावांवर पुष्कळ छापून आलं. सहकारी बँकेचा पाया घालणारे, नागपूरच्या विधानसभेत पूर्णेवरच्या पुलासाठी झटणारे, साधी राहणी... सगळं खरं आहे. या पुरवणीच्या संपादकांनी माझ्याकडेही दोन पानं मागितली, कारण मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं खजिनदार होतो. त्यांना वाटलं असेल, म्हातारा चार गमती सांगेल. गमती आहेत. पण त्यांच्या आधी आणि नंतर जे आहे ते सांगायचं मी चव्वेचाळीस वर्षं टाळलं आहे.

पुंडलिकराव मूळचे उंद्रीचे. घरची कोरडवाहू शेती, शिक्षण बुलढाण्याच्या हायस्कुलात, एका नातेवाइकाच्या पडवीत राहून. जळगाव जामोदला आमची लहानशी सहकारी बँक निघाली तेव्हा तिला मॅनेजर मिळेना. सातपुड्याच्या पायथ्याशी, रेल्वेपासून दूर, मधे पूर्णा. पावसाळ्यात जग तुटायचं. पुंडलिकराव आले ते एका सायकलीवर, मागे वळकटी बांधून. बँक म्हणजे सरकीच्या गोदामाला लागून असलेली एक खोली. मी त्यांच्या पुढ्यात नोकरीसाठी उभा राहिलो तेव्हा त्यांनी माझं अक्षर पाहिलं नाही, दाखला पाहिला नाही. "तुले खोटं बोलता येते काय?" असं विचारलं. मी गोंधळून "नाही" म्हणालो. ते म्हणाले, "मंग शिकू नको." आणि दुसऱ्या दिवसापासून मी कामावर होतो. हे मी पुष्कळ वर्षं लोकांना हसत हसत सांगत असे. नंतर सांगेनासा झालो.

त्यांच्याइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही, हे वाचून त्यांच्या चाहत्यांना राग येईल. ते विजेला भीत, बैलाला भीत, गोऱ्या साहेबापुढे त्यांच्या तळहातांना घाम फुटे. सगळ्यांत जास्त भीत ते पाण्याला. उंद्रीकडच्या माणसाला विहिरीपलीकडे पाण्याची ओळख नसते. महिन्यातून दोनदा नांदुऱ्याला जायचं तर पूर्णा नावेनं ओलांडावी लागे. नावेत ते मधोमध बसत, डोळे मिटत आणि एका हातानं माझं मनगट धरत. पलीकडे उतरल्यावर माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ असत. नावाडी तुळशीराम हे पाहून हसे. तुळशीराम म्हणजे भोयांपैकी चाळिशीतला काळा, रुंद खांद्यांचा माणूस; उताराचा, म्हणजे नावेनं माणसं पलीकडे नेण्याचा, ठेका त्याच्या आजोबांपासून त्यांच्या घरात होता. "साहेब, नदी काई वाघ नाही," तो म्हणे. "तिले इचारून पाय टाकला त काई करत नाही थे."

पण हाच भित्रा माणूस खेड्याखेड्यांत सायकलीनं फिरून लोकांच्या ओसरीवर बसे आणि अंगठा उठवणाऱ्या माणसाला कागद आधी मोठ्यानं वाचून दाखवे. "कागदावर काय आहे ते कळल्याशिवाय अंगठा देऊ नको, मी सांगतलं तरी नको," असं ते स्वतःच्या बँकेच्या कागदाबद्दल सांगत. चार वर्षांत बँकेची स्वतःची इमारत उभी राहिली, दगडी जोत्याची, पुढे व्हरांडा असलेली. उद्घाटनाला नागपूरहून सहकार खात्याचा मोठा साहेब यायचा ठरला. आणि त्यासाठी खामगावहून नवी तिजोरी मागवली होती.

भाद्रपदातली दुपार होती. तिजोरी रेल्वेनं नांदुऱ्याला उतरली, तिथून बैलगाडीनं पूर्णेच्या काठावर आली. साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. ऊन पडलं होतं, आमच्याकडे पाऊस नव्हता, पण वर कुठेतरी पडला असावा, कारण पाण्याचा रंग बदलला होता. तुळशीराम काठावर उकिडवा बसून एका काडीकडे पाहत होता. ती त्यानं पाण्याच्या कडेला रोवली होती. आमच्या देखत ती बुडाली.

"साहेब, पाणी चढून राह्यलं," तो म्हणाला. "माणसं नेतो मी. हे लोखंड आज नाही नेत. उद्या पहाटे पाहू."

पुंडलिकरावांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांना नदीची भीती वाटत होती हे मला दिसत होतं. पण त्या दिवशी साहेबाची भीती तिच्याहून मोठी ठरली. रिकाम्या कोनाड्यापुढे साहेबाला उभं करायचं, आणि तो नागपूरला जाऊन काय म्हणेल... ते म्हणाले, "उद्या सकाळी साहेब येऊन राह्यले. तिजोरी नसली त मी दाखवू काय त्याईले? काढ नाव."

"साहेब, मी नाही म्हनून राह्यलो."

"ठेका सरकारचा आहे, तुळशीराम. सरकारी कामाले नाही म्हणता येत नाही तुले. मी सांगतो, काढ."

तुळशीरामानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि उद्या साहेबाच्या हातून फेटा बांधून घ्यायचा म्हणून शिवलेला नवा कोट आजच घालून आलो होतो. तुळशीराम उठला, धोतर खोचलं. "तुमी म्हनसान त काढतो. पन म्या सांगतलं होतं, एवढं ध्यानात ठेवजा."

तिजोरी चढवायला सहाजण लागले. तुळशीरामानं ती दोरानं नावेच्या फळीला आवळून बांधली. गाडीवान काठावरच थांबला. नाव मधोमध गेली तोवर सगळं ठीक होतं. मग वरून एक झाड आलं, मुळांसकट. ते नावेला लागलंसुद्धा नाही, नुसतं जवळून गेलं. तुळशीरामानं त्याला चुकवायला बांबू रेटला, नाव कलली, आणि तिजोरी सरकली. तिच्या सरकण्याचा आवाज, लाकडावर लोखंड घासल्याचा, तो मी अजून ऐकतो. मग पाणी एकदम माझ्या तोंडात होतं, गढूळ, मातीच्या चवीचं. मी वर आलो तेव्हा पुंडलिकराव दोन हातांवर होते, ओरडत नव्हते, नुसते पाण्यावर हात आपटत होते. तुळशीराम आम्हा दोघांच्या मधे होता. त्यानं बांबू आमच्याकडे लोटला. आम्ही दोघांनी तो धरला. त्याला पोहायला बांबू लागत नव्हता, तो त्या नदीतच वाढलेला. पण त्याच्या पायात तिजोरीचा दोर होता. हे मला तेव्हा कळलं नाही. मला एवढंच दिसलं की तो आमच्याकडे पाहता पाहता खाली गेला. शांतपणे, कोणी ओढून न्यावं तसा...

दुसऱ्या दिवशी तो चार कोसांवर सापडला. उद्घाटन पुढे ढकललं. तिजोरी अजून नदीतच असेल.

चौकशीला नायब तहसीलदार आले. चावडीत बसून त्यांनी आधी पुंडलिकरावांचा जबाब घेतला, मग माझा. मी बाहेर बसलो होतो आणि दार उघडं होतं, त्यामुळे पुंडलिकराव काय सांगताहेत ते मला ऐकू आलं. नावाड्यानं पाणी चढल्याचं सांगितलं नाही. त्यानं आपल्या जबाबदारीवर नाव काढली. वजनाबद्दल त्याला विचारलं, त्यानं हरकत घेतली नाही. पुंडलिकरावांचा आवाज इतका खाली होता की कारकुनाला दोनदा "मोठ्यानं" म्हणावं लागलं. मग मला आत बोलावलं. नायब तहसीलदारांनी विचारलं, "मॅनेजरसाहेबांनी सांगितलं ते बरोबर आहे?" मी पुंडलिकरावांकडे पाहिलं. ते खिडकीचा गज धरून उभे होते. मी "हो" म्हणालो. कारकुनानं एक ओळ लिहिली आणि मी तिच्याखाली सही केली. माझं अक्षर सुंदर होतं, सगळे म्हणत.

त्या दोन सह्यांनी असं झालं की दोष मेलेल्या माणसाचा ठरला. निष्काळजी नावाडी म्हणून उताराचा ठेका तुळशीरामाच्या घरातून गेला आणि दुसऱ्या गावच्या माणसाला मिळाला. त्याची बायको सोनाबाई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाऊ लागली.

त्या दिवाळीला पुंडलिकरावांनी माझ्या हाती तिच्याकडे ज्वारीचं एक पोतं पाठवलं. तिनं घेतलं. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवलं, तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली. "कोनाची जवारी व्हय हे?"

"मॅनेजरसाहेबांची."

"काऊन देतात थे? माह्या मानसाचीच चूक होती ना? सरकारच्या कागदावर तसंच लिव्हलं हाये म्हने. मंग मले काऊन देतात?"

मी पोतं परत आणलं. पुंडलिकरावांना तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्या दिवसापासून ते वाळत गेले. बँकेत कोणी जोरात दार लोटलं तरी दचकत. शिपायाचा पट्टा दिसला की त्यांचा रंग उडे. माझंही तेच होतं. पण आम्ही दोघं त्याबद्दल एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. सात वर्षं समोरासमोर टेबलावर बसलो, एका डब्यातली भाकर खाल्ली, आणि बोललो नाही. पूर्णा ओलांडताना ते आता माझं मनगट धरत नसत. हात मांडीवर ठेवून, डोळे उघडे ठेवून पाण्याकडे पाहत बसत. ते मला जास्त भयंकर वाटे.

राजकारणात ते कसे आले याच्या पुष्कळ कथा आहेत. खरं कारण पूल होतं. आधी ते जिल्ह्याच्या बोर्डावर गेले, तिथं पुलाचा ठराव मांडला. ठराव नागपूरला गेला आणि तिथं पडून राहिला. मग नागपूरच्याच निवडणुकीला उभं राहायचं ठरलं. मी त्यांना एकदाच विचारलं, "साहेब, तुम्हाला चार माणसांत बोलता येत नाही. हे कशाला?" ते म्हणाले, "त्या पाण्यावर दगड पडले पाहिजेत, वामन. नाव नको आता तिथं." तुळशीरामाचं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही.

निवडणुकीच्या पंधरा दिवस आधी बँकेच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. मी फोडलं. बिनसहीचं पत्र, तीन ओळी. तुळशीरामानं नाही म्हटलं होतं. ऐकणारा जिवंत आहे. अर्ज मागं घ्या. पुढे कळलं की काठावर थांबलेला तो गाडीवान विरुद्ध बाजूच्या माणसांना जाऊन मिळाला होता. त्या वेळी मला ते ठाऊक नव्हतं. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी केली, पुन्हा उघडून वाचलं. मग परसात गेले आणि त्यांना उलटी झाली, ती मला आतून ऐकू आली.

मी त्यांना काय सांगितलं ते लिहितो. मी म्हणालो, अर्ज मागं घ्या. मी म्हणालो, गाडीवानाला मी भेटतो, समजावतो. मी म्हणालो, आता मेलेलं उकरून कोणाचं भलं होणार आहे, बँकेवरचा लोकांचा विश्वास जाईल, त्यांचा तरी विचार करा. हे सगळं मी त्यांच्या काळजीनं बोलतोय असं मला तेव्हा खरंच वाटत होतं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुले भेव लागते का रे?"

"हो."

"मले बी लागते," ते म्हणाले. "लई लागते."

आठ दिवसांनी जळगावच्या बाजाराच्या दिवशी त्यांची सभा होती. उन्हाची वेळ, बैलांच्या बाजारापलीकडे चार गाड्या जोडून मंच केला होता. हजारभर माणूस असेल. काठावरच्या गावांचे लोकही आले होते, कारण पुलाचं बोलणं होतं. मी गाडीवर त्यांच्या मागे बसलो होतो. ते उठले तेव्हा त्यांच्या हातातला कागद इतका हलत होता की पुढच्या माणसांना हसू आलं. त्यांनी दोन वाक्यं वाचली. मग थांबले. मला वाटलं, विसरले. मग त्यांनी जिकडे पाहिलं तिकडे मीही पाहिलं. भाजीच्या पालांच्या कडेला बायका उभ्या होत्या आणि त्यांत सोनाबाई होती, डोक्यावर टोपली घेऊन.

त्यांनी कागद खिशात घातला. "मी आज पुलाचं बोलणार होतो," ते म्हणाले. "पण आधी एक सांगतो. सात वर्साआधी पूर्णेत नाव बुडाली. तुळशीराम भोई मेला. त्यानं मले सांगतलं होतं, पाणी चढून राह्यलं, आज नेत नाही. मी त्याले नाव काढाले लावली. चूक त्याची नव्हती. चूक माही होती. चावडीत मी खोटं सांगतलं."

एवढंच. बाजारात कोंबड्यांचा आवाज येत होता, बाकी काही नाही. मी वाट पाहत होतो ती पुढच्या वाक्याची, की आता ते माझ्याकडे बोट करतील, अन् हा, हा बी होता म्हणतील. मी गाडीच्या दांडीमागे इतका सरकलो की पडता पडता राहिलो. त्यांनी ते वाक्य म्हटलं नाही. मी उठून म्हणायला हवं होतं. माझ्या आणि त्यांच्या मधे चार हात अंतर होतं. मी बसून राहिलो.

गर्दी हलली, कोणी शिवी दिली, कोणी "खाली बसा" म्हणालं. सोनाबाईनं टोपली दुसरीच्या हातात दिली आणि माणसांतून वाट काढत गाडीपाशी आली. पुंडलिकराव खाली उतरले. ती त्यांच्या समोर उभी राहिली. मला वाटलं, मारते. ती म्हणाली, "एवढं बोलाले सात वर्सं लागले तुमाले?"

"हो, बाई."

"हे हवेत बोलले तुमी. हवेतलं जाते उडून. कागदावर लिव्हून द्या. सरकारच्या कागदावर माह्या मानसाचं नाव खराब हाये. थे साफ करून द्या."

त्यांनी तिसऱ्या दिवशी बुलढाण्याला कचेरीत जाऊन लिहून दिलं. निवडणूक अर्थातच हरले. बँकेचा राजीनामा दिला. आणि मग बुलढाण्याच्या कचेरीतल्या साहेबानं मला बोलावलं, कारण मॅनेजरनं जबाब फिरवला तरी जुन्या कागदावर दुसरी सही होती, आणि ती अजून तिथं उभी होती. आम्ही बुलढाण्याला एकाच मोटारीनं गेलो. घाट चढताना ते मला म्हणाले, "तुह्यासाठी मी बोलणार नाही, वामन. तुले जे सांगायचं थे तू सांग. मी तुले काही लावून ठेवत नाही."

मी आत गेलो. साहेबानं विचारलं, नावाड्यानं नाही म्हटलं होतं का? मला बायको होती, पाळण्यात मूल होतं. बँकेच्या पंचांनी आदल्या दिवशीच मला सांगितलं होतं की मॅनेजरची जागा आता तुझीच. हे मी कारण म्हणून लिहीत नाही. कारण एकच होतं, मला भीती वाटली. मी म्हणालो, "साहेब, मला नीट आठवत नाही." साहेबानं ते इंग्रजीत लिहून घेतलं. गाडीवानाला दोन्ही वेळा कोणी विचारलंच नाही; दोन साक्षीदारांत मेळ नाही म्हणून जुना निकाल तसाच राहिला. तुळशीराम कागदावर दोषीच राहिला.

पुंडलिकराव कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. मी बाहेर आलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं... ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "चल, चहा घेऊ."

पुढची निवडणूक ते जिंकले. लोकांनी त्यांना का निवडून दिलं हे मला आजही नीट सांगता येत नाही. एक म्हातारा मला म्हणाला होता, "ह्या मानसापाशी लपवाले काई उरलं नाही बाप्पा." नागपुरात ते हरेक अधिवेशनात पुलाचा प्रश्न विचारत आणि हरेक वेळी विचार चालू आहे असं उत्तर येई. त्यांना सभागृहात उभं राहायची भीती कधीच गेली नाही. पुढचं बाक दोन्ही हातांनी धरून बोलत, त्यामुळे हातात कागद धरता येत नसे, म्हणून सगळं पाठ करून जात. पूल उभा राहिला तोवर त्यांचं राजकारण संपलं होतं. पण जिल्ह्याच्या बोर्डात त्यांनी एक गोष्ट करून घेतली होती, तिच्याबद्दल कुठल्याच लेखात आलेलं नाही. पूर्णेच्या उतारांवर त्यांनी पाट्या लावून घेतल्या. पाणी चढलं असता नावाड्याचा शब्द शेवटचा. अधिकारी असो वा सावकार, कोणीही त्याच्यावर सक्ती करू नये. त्या पाटीखालून मी पंधरा वर्षं बँकेचा मॅनेजर म्हणून ये-जा केली, मान खाली घालून.

शेवटचा मी त्यांना भेटलो तो उन्हाळ्यात, उंद्रीला. धाप लागत होती, तरी बाजेवर उठून बसले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी अचानक विचारलं, "वामन, तुले अजून भेव लागते?"

मी म्हणालो, "लागते, साहेब."

"मले वाटलं होतं, सांगून टाकलं का जाते थे," ते म्हणाले. "नाही गेलं. अजून सपनात थो आवाज येते. पण काठावर उभं राहता येते मले आता." आणि दम लागला म्हणून थांबले. मी काहीतरी बोलेन म्हणून वाट पाहत होते, असं आता वाटतं. मी औषधाची वेळ झाली म्हणालो.

तेरावा झाल्यावर मी सोनाबाईकडे गेलो. तिला आता धड दिसत नाही. पुतणसुनेच्या घराच्या सावलीला खाट टाकून बसली होती. मी नाव सांगितलं. गावात सगळे मला मोठा मॅनेजर म्हणून ओळखतात. तिच्यापुढे मी उभाच राहिलो, बसवेना. मी म्हणालो, "बाई, त्या चावडीतल्या कागदावर दुसरी सही माझी होती. तुळशीराम नाही म्हणाला होता. मी ऐकलं होतं."

माझ्या मानेवर ऊन चढत होतं. मग ती म्हणाली, "मले मालूम हाये. दोन सह्या हायेत हे मले तवाच वाचून दाखवलं होतं एकानं. पुंडलिकराव लिव्हून द्याले गेले, तवा म्या त्याईले इचारलं, दुसरा कोन व्हय? थे म्हने, थो येईन. त्याले टाइम लागन, पन थो येईन. नाव नाही सांगतलं त्याईनं." ती खाटेवर थोडी सरकली, मला जागा दिल्यासारखी. "लई टाइम लावला तुमी."

मी विचारलं, आता काय करू? ती म्हणाली, "लिव्हून आना. मी वाचू नाही शकत. पन घरात ठेवीन."

मी लिहायला उंद्रीला गेलो. का, ते मला सांगता येणार नाही. जळगावात माझ्या स्वतःच्या टेबलावर तो कागद मला लिहवेना. वहिनींनी, पुंडलिकरावांच्या पत्नीनं, त्यांची खोली उघडून दिली. शेवटची वर्षं ते तिथं खाली जाजमावर बसून गावातल्या लोकांचे अर्ज लिहीत. बुटकं डेस्क, त्यावर दौत, उजव्या हाताला भिंतीवर टेकायची उशी, त्यांच्या डोक्याच्या तेलानं काळी पडलेली. वहिनी म्हणाल्या, अजून लोक अर्ज घेऊन येतात, ओट्यावर बसतात, मग आठवतं आणि उठून जातात. मी त्यांच्या जागेवर बसलो. दौतीतली शाई वाळली होती. वहिनींनी तांब्यातलं पाणी चार थेंब सोडलं आणि ती काडीनं ढवळून दिली.

तुळशीराम भोई यानं नाव काढायला नकार दिला होता. पाणी चढत असल्याचं त्यानं सांगितलं. ते मी स्वतः ऐकलं. पूर्वीचा माझा जबाब खोटा आहे. एवढंच लिहायला मला सबंध दुपार लागली. अक्षरं वाकडी आली, एके ठिकाणी डाग पडला. वहिनी दारात बसून गहू निवडत होत्या. शेवटी मी खाली पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, आणि सही केली.